फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या ताठ का होतात?



हृदयातून निघणाऱ्या रक्ताला दोन वाटा असतात. डाव्या बाजूचं रक्त अंगभर जातं; उजव्या बाजूचं फक्त शेजारी, फुफ्फुसात जातं. वाट जवळची, म्हणून तिथला दाबही हलका, दुसऱ्या वाटेवरच्या दाबाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतका. इथल्या रक्तवाहिन्या पातळ आणि लवचीक. ठोक्यासरशी रक्त आलं की त्या फुगतात आणि लगेच आपल्या ताणानं ते पुढे सारतात.

आता प्राणवायू कमी पडला तर? १९४६ साली स्वीडनमधील फॉन ऑयलर आणि लिलियेस्ट्रांड ह्या शास्त्रज्ञांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की, अशा वेळी फुफ्फुसातील रक्तवाहिन्या आवळतात. ह्यात शहाणपण आहे. दारं धरणारा गडी एका वाफ्याचं तोंड बंद करून पाणी दुसऱ्याला लावतो ना, तसंच हे. ज्या कोपऱ्यात हवा पोचत नाही, तिकडचं रक्त हवेशीर कोपऱ्याकडे वळतं.

पण सगळ्याच वाफ्यांची तोंडं बंद केली तर पाट तुंबणारच! सबंध फुफ्फुसात प्राणवायू कमी पडला आणि आठवडेच्या आठवडे कमी राहिला, म्हणजे असंच होतं. सदा आवळलेल्या नळीचा स्नायू जाड होतो, भिंतीत चिवट तंतू वाढतात, आतली वाट अरुंद होते. मऊ चामडं वाळून कडक व्हावं, तशी नळी ताठ होते. ती फुगत नाही. मग प्रत्येक ठोक्याचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर पडतो, आणि ती बाजू तर हलक्या कामासाठी घडलेली.

गुरांतही हे दिसतं. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या उंच कुरणांवर हवा विरळ. तिथं काही गुरांच्या हृदयाची उजवी बाजू थकते आणि गळ्याखाली, छातीवर सूज चढते. वेळीच खाली उतरवलं, तर पुष्कळ गुरं सुधारतात. हिमालयातल्या याकाच्या रक्तवाहिन्या मात्र पातळच राहतात. तो पिढ्यान्‌पिढ्या तिथलाच.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं डोंगरावर राहतो? पण फुफ्फुस धुरानं खराब झालं, तर सपाटीवरही रक्ताला प्राणवायू कमी पडतो. दिल्लीच्या डॉ. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९५९ साली अशा हृदयरोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांतही हा रोग आढळला, आणि त्यांनी चुलीच्या धुराकडे बोट दाखवलं.

तेव्हा धुराला वाट करून द्या. धुराडं बसवा, चूल मोकळ्या हवेत मांडा. गॅस असेल तर तो जपून ठेवण्यासाठी चुलीपुढे बसू नका. जुना खोकला असलेल्या माउलीला चालताना धाप लागू लागली, पावलं सुजू लागली, तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि गुरुजी, शाळेत रक्ताभिसरण शिकवाल, तेव्हा मुलांना एवढं जरूर विचारा: घरातला धूर जातो कुठं?