कापण्याआधी हाताने, कापल्यावर डोळ्याने

(वाढवण येथील ग्रामसंघाच्या बैठकीत पशुसखीने केलेले मार्गदर्शन)



कोंबडी कशी कापायची हे मी तुम्हाला काय शिकवणार? वाघबारस असो, चैत्रातली महालक्ष्मीची जत्रा असो, नाहीतर जावई घरी आलेला असो, घरोघरी कोंबडी कापली जाते. मला एवढंच सांगायचंय की कोणती कापायची, कोणती अजिबात नाही, आणि कापल्यावर आत काय बघायचं.

आधी कोणती कापायची ते. कोंबडी काखेत धरा. अंडं येतं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना बारीक हाडांची दोन टोकं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट मावलं आणि तुराही फिका, सुकलेला असला तर ती थांबलीय. खुडूक कोंबडीला मात्र हा हिशेब लावू नका, ती पुन्हा अंड्यावर येते. मी एकदा घाईत न बघता कापली. आत लहान-मोठ्या पिवळ्या बलकांचा घड निघाला. पुढची सगळी अंडी त्या दिवशी कालवणात गेली!

कापायच्या आदल्या रात्री दाणा देऊ नका, पाणी द्या. गळ्याखालची दाण्याची पिशवी आणि आतडी रिकामी राहिली तर घाण मटणाला लागत नाही. सुरी धारदार हवी, म्हणजे जीव लवकर जातो. रक्त दोन मिनिटं पूर्ण वाहू द्या. पिसं काढायला पाणी कडक गरम घ्या, पण उकळतं नको, कातडी फाटते.

आता पोट उघडल्यावर बघा. कलेजी तांबूस, तुळतुळीत असावी. तिला चिकटलेली पित्ताची हिरवी पिशवी फुटू देऊ नका, मटण कडू होतं. पेटा चिरला की आत खडे दिसतात. कोंबडीला दात नाहीत, दाणा हे खडेच दळतात. म्हणून कोंडून ठेवलेल्या कोंबड्यांना बारीक खडी द्या. आपल्या किनाऱ्यावर शिंपले भरपूर आहेत, त्यांचा चुराही द्या, अंड्याचं कवच पक्कं होतं.

आतड्यात लांब पांढरे जंत दिसले तर उरलेल्या सगळ्या कोंबड्यांना जंताचं औषध पाजायची वेळ झाली. कलेजीवर पांढरे ठिपके असले, किंवा पेट्याच्या वरच्या लहान पोटात आतून रक्ताचे लाल ठिपके असले, तर ती कोंबडी खाऊ नका. लाल ठिपके हे मानमोडीचं, म्हणजे राणीखेतचं लक्षण असू शकतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. कोंबडी पेंगायला लागली की आपण म्हणतो, मरायच्या आत कापू, पैसे तरी वाया जायचे नाहीत. मीसुद्धा असंच करायची. पण तिचं रक्त, पिसं, आतडी अंगणात पडतात, बाकीच्या कोंबड्या तिथेच चोची मारतात, आणि एकीच्या जागी सगळा खुराडा रिकामा होतो. माणसालाही धोका आहे. 2006 च्या फेब्रुवारीत आपल्या देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. 2022 च्या फेब्रुवारीत तो शहापूर तालुक्यात वेहळोलीला आला. हा रोग आजारी कोंबडी हाताळताना, कापताना माणसाला लागू शकतो. चांगलं शिजवलेलं मटण खाऊन नाही.

म्हणून पेंगणारी कोंबडी कापायची नाही, बाजारात विकायची नाही, शेजारणीला द्यायची नाही. वेगळी ठेवायची. दोन-चार एकदम मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर 1962 या नंबरावर फोन करा. ते सांगतील तसं खोल खड्डा करून चुना टाकून पुरा. ओढ्यात फेकू नका, कुत्र्यापुढे टाकू नका.

मानमोडी झाल्यावर औषध नाही, आधी लस आहे. पिल्लू आठवड्याचं झालं की लासोटाचा थेंब, आठव्या आठवड्यात आरटूबीची सुई. लशीची बाटली एकदा उघडली की थोड्या वेळातच संपवावी लागते. एकटीच्या पाच कोंबड्यांसाठी बाटली परवडत नाही, पण गटाने एक दिवस ठरवला तर पाड्यातल्या सगळ्या कोंबड्यांना पुरते.

आज उठायच्या आधी प्रत्येक गटाने तो दिवस ठरवावा आणि वहीत लिहावा. बर्फाचा डबा घेऊन मी येते.