तापली जमीन, तापला वारा

मैदानी भागात पारा 45 अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं आणि 47 वर गेला की तीव्र लाट. आपल्या कारंजा लाडला अशा दुपारी गुरुमंदिराच्या रस्त्यावरही डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी दिसत नाही. नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश नोंदले गेले. मे 2024 मध्ये शेजारच्या अकोल्यात तर जिल्हा प्रशासनानं उन्हापायी चक्क जमावबंदीचं 144 कलम लावलं. एरवी हे कलम दंग्याच्या वेळी आठवायचं!

विदर्भच एवढा का तापतो? समुद्र लांब, वायव्येकडून येणारा वारा कोरडा आणि पिकं निघाल्यावर उघडी पडलेली काळी जमीन. मातीत ओल असली की सूर्याची बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. ओल संपली की तीच उष्णता थेट हवा तापवते. अमेरिकेत 1936 च्या जुलैत हेच झालं. दुष्काळानं माती वाळली होती, धुळीची वादळं उठत होती आणि कॅन्ससमध्ये पारा 49 अंशांपलीकडे गेला. हजारो माणसं दगावली.

आपला कूलरही याच बाष्पीभवनावर चालतो. म्हणून कोरड्या मे महिन्यात तो गार वारा देतो. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की नुसता घरघरतो. तेव्हा टाकीत पाणी ओतत बसण्यापेक्षा खिडकी उघडलेली बरी.