दारापासून तीस मीटर



महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. धाराशिव जिल्ह्याचे आठही तालुके त्या दिवशी आपापली गाऱ्हाणी घेऊन एका आवारात येतात. त्या गर्दीत एखादा अर्जदार असा असतो, की लहानपणीच्या पोलिओने त्याचे दोन्ही पाय गेलेले असतात आणि मागे दोन जोडचाके बसवलेल्या स्कूटरवरून तो आपल्या गावाहून एकटा आलेला असतो. रस्त्यावर तो कुणाचा मिंधा नसतो. घाट, वळणे, उसाच्या ट्रॉल्या यांची त्याला सवय असते. त्याची खरी अडचण सुरू होते ती सरकारी फाटकाच्या आत. दाराजवळची सारी जागा भरलेली असते. त्याने गाडी लावायची ती मागे, पार कुंपणाच्या भिंतीशी. तिथून दारापर्यंत शंभर-दीडशे पावले असतात. धडधाकट माणसाला ती मोजावीशीही वाटत नाहीत. त्याला मात्र ती कुबड्यांवर खडी तुडवीत काढावी लागतात, नाही तर कुणाच्या तरी पाठीवर. गावापासून स्वतःच्या बळावर आलेला मनुष्य कचेरीच्या दारात मात्र उचलून आणलेला असतो.

सार्वजनिक इमारतींपाशी दिव्यांगांच्या वाहनांसाठी राखीव जागा, हा विषय अनेकांना शहरी, मोटारवाल्यांचा आणि म्हणून किरकोळ वाटतो. तो तसा का नाही, हे या शंभर पावलांत आहे.

नियमांची उणीव नाही. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत आणि महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ही तरतूद मोजमापांसह दिली आहे. प्रवेशद्वाराजवळ दोन मोटारींची जागा राखावी, ती दारापासून तीस मीटरच्या आत असावी, तिची रुंदी किमान ३.६ मीटर असावी आणि ती राखीव असल्याची पाटी ठळक दिसावी. साध्या मोटारीला अडीच मीटर रुंदी पुरते. मग उरलेला मीटरभर कशासाठी? चाकांची खुर्ची मोटारीच्या दाराशी आणून लावता यावी, एवढ्यासाठी. ज्याला हे ठाऊक नाही त्याला ती पट्टी वाया गेलेली दिसते आणि तो तिथे आपली दुचाकी ठोकून देतो. जागा कागदोपत्री शिल्लक राहते आणि तिचा उपयोग संपतो.

अर्थात आपल्या भागात मोटारीतून येणारे दिव्यांग थोडे. इथे गाडी म्हणजे जोडचाकांची स्कूटर किंवा हाताने फिरवायची तीनचाकी सायकल. तिला साध्या दुचाकीच्या जवळजवळ दुप्पट रुंदी लागते. दुचाकींच्या रांगेत ती शिरत नाही, आणि शिरलीच तर बाहेर निघत नाही. म्हणून मोटारींसाठी सांगितलेल्या जागेत या गाड्यांना हक्काने स्थान देणे, हाच नियमाचा खरा अर्थ होय. शिवाय जमीन सपाट हवी. उतारावर चाकांची खुर्ची आपसूक घरंगळते, खडीत ती रुतते.

कायद्याचा इतिहास पाहिला तर मन थोडे उद्विग्न होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने उतरंडीची, म्हणजे रॅम्पची, व्यवस्था सांगितली; पण ती ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. ही शब्दयोजना म्हणजे न करणाऱ्यास दिलेली कायमची रजाच होती. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि विद्यमान सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत घालण्यात आली. नियम जून २०१७ मध्ये निघाले. ती मुदत २०२२ मध्ये उलटून गेली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात स्पष्ट केले की, सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. किमान बंधनकारक निकष सरकारने तीन महिन्यांत ठरवावेत.

दरम्यान शब्द मात्र भराभर बदलले. मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला १९८८ पासून ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत. २०१९ च्या दुरुस्तीने ते नाव गेले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला आणि तो रुळला. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. शब्दाने सन्मान वाढतो यात शंका नाही. पण स्कूटर अजूनही कुंपणाशीच लागते.

दाराजवळची जागा कुणाची, हा प्रश्न आपल्या परंपरेने फार पूर्वी विचारलेला आहे. वनपर्वात अष्टावक्र जनकाच्या यज्ञाला निघतो. आठ ठिकाणी वाकलेल्या देहाचा तो कुमार आणि राजा वाटेत समोरासमोर येतात. वाट कुणाची? अष्टावक्र सांगतो, वाट आधी आंधळ्याची, बहिऱ्याची, स्त्रीची, ओझे वाहणाऱ्याची. राजाचा क्रम त्यांच्यानंतर लागतो. त्या काळच्या रीतीप्रमाणे ब्राह्मणाचा मानही तिथे येतो, तो भाग आज सोडून द्यावा. लक्षात घ्यायचे ते जनकाचे वागणे. तो ऐकतो आणि वाट मोकळी करून देतो. आता कोणत्याही कचेरीच्या पोर्चकडे पाहा. दाराला लागून कुणाची गाडी उभी असते? साहेबांची. साहेब तरुण असतात, चालणारे असतात, आणि त्यांच्यासाठी दार उघडायला शिपाईही असतो.

या जिल्ह्याला हा विषय परका असता कामा नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर-किल्लारी परिसरात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गेली. जी वाचली, त्यांतल्या कित्येकांचे हात-पाय, कुणाचा पाठीचा कणा कायमचा गेला. त्या वेळी विशीत असलेले आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्यासाठी घरे बांधली गेली, गावे नव्याने वसली. आता ते दाखल्यासाठी, अनुदानासाठी, तपासणीसाठी ज्या इमारतींत जातात, त्यांची दारे मोजण्याची वेळ आहे. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ऑनलाइन प्रणालीतूनच मिळते. तरीही तपासणीसाठी देह रुग्णालयात न्यावाच लागतो. आपण चालू शकत नाही हे सिद्ध करायला मनुष्याने चालत जावे, यापेक्षा विचित्र ते काय!

‘रोज असे येतात तरी किती? जागा दिवसभर रिकामी राहील,’ असा आक्षेप हमखास येतो. अग्निशामक नळकांडेही वर्षभर भिंतीवर नुसतेच असते. म्हणून तिथे कुणी कपाट ठेवत नाही. आणि जागा रिकामी दिसते, कारण जिथे गाडी लावता येत नाही तिथे तो दुसऱ्यांदा येतच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. ही माणसे कचेऱ्यांच्या आवारात दिसत नसतील, तर त्याचे कारण त्या आवारातच शोधावे लागेल.

तुळजापूरचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. कायद्यातील ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत धार्मिक कार्यासाठी लोक जिथे येतात त्या वास्तूही स्पष्टपणे अंतर्भूत आहेत. आई तुळजाभवानीचे मंदिर बालाघाटाच्या कुशीत, रस्त्याच्या पातळीखाली आहे. महाद्वारातून पायऱ्या उतरत कल्लोळ तीर्थ, गोमुख करीत भक्त आत जातो. त्या प्राचीन पायऱ्या आहेत तशाच राहणार, आणि त्या राहाव्यातही. पण महाद्वारापर्यंतचा रस्ता प्राचीन नाही. नवरात्रात व पौर्णिमेला वाहने दूर अडवली जातात, ते गर्दीच्या दृष्टीने योग्यच. मात्र जोडचाकांच्या स्कूटरला त्या अडथळ्यातून आत सोडावे आणि द्वाराशी तिची जागा आखलेली असावी, याला खर्च रंगाच्या डब्याइतका येतो. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंदिर परिसरासाठी १,८६५ कोटींच्या विकास आराखड्यास मान्यता दिली. एवढ्या मोठ्या कामात ही जागा आताच धरली नाही, तर पुढे फरशी उखडून ती करावी लागेल, आणि तसे कुणी करीत नाही.

थोडे आपल्याकडेही पाहावे. व्याख्यानमाला असो, रक्तदान शिबिर असो, कार्यकर्त्यांच्या दुचाकी मंगल कार्यालयाच्या रॅम्पच्या तोंडाशीच का लागतात? शिस्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी याचे उत्तर सरकारकडे मागू नये.

कामाची रीत सोपी आहे. मोजपट्टी घ्यावी आणि तालुक्याच्या एकेका इमारतीच्या दारापासून तीस मीटर मोजावेत. जागा कुठे निघते त्याचा कच्चा नकाशा काढावा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चावयाचे असतात. ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पैसा नाही म्हणाली, तर त्या पाच टक्क्यांचा हिशेब विचारावा. रंगवलेल्या खुणेवर लक्ष ठेवण्याचे काम एका शिपायाच्या नावे लेखी सोपवून घ्यावे, नाही तर आठवड्यात तिथे दुचाकी उभ्या राहतील. लोकशाही दिनाचा अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते. तेव्हा संस्थेच्या लेटरहेडचा तिथे उपयोग नाही. ज्याची स्कूटर कुंपणाशी लागते, त्यानेच आपल्या नावाने अर्ज करावा, नकाशा जोडावा आणि आत जाऊन स्वतः बोलावे. कार्यकर्त्याने मोजपट्टीचे दुसरे टोक धरावे.