साखर किती? आधी एकक सांगा
(दासगाव येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. म्हणून औषधांबद्दल बोलणार नाही, आकड्यांबद्दल बोलणार आहे.

आपल्याकडची किती तरी माणसं कुवेत, कतार, इंग्लंडला नोकरीला आहेत. सुट्टीवर येताना कोणी अब्बांसाठी साखर मोजायचं मशीन आणतो. महाडची लॅब साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये सांगते, तिकडची बरीच मशीनं मिलिमोल प्रति लिटरमध्ये. साखर तीच, आकडा वेगळा.

हिशोब सोपा आहे. एक मिलिमोल ग्लुकोजचं वजन सुमारे १८० मिलिग्रॅम. एका लिटरमध्ये दहा डेसिलिटर. म्हणून मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणायचं. ७ गुणिले १८ म्हणजे १२६. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, ही मधुमेहाच्या निदानाची रेषा. अर्थात घरच्या मशीनवरून निदान होत नाही, त्यासाठी लॅबची तपासणी आणि डॉक्टर हवेतच.

आता धोका पाहा. मशीनवर १५ दिसले. शंभर-सव्वाशे ऐकायची सवय असलेल्या घरात ‘साखर उतरली’ म्हणून कोणी सरबत पाजेल. प्रत्यक्षात ती २७० आहे! उलट ३.५ म्हणजे ६३. तिथे माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्यायलाच हवी.

आणखी एक घोटाळा एचबीए१सीचा. तो आपल्याकडे टक्क्यांत असतो आणि साधारण तीन महिन्यांचा अंदाज देतो. त्याला १८ ने गुणू नका. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४.

रमजानमध्ये हे जास्त महत्त्वाचं. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं वैद्यकीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मिलिमोलमध्ये हे आकडे ३.९ आणि सुमारे १६.७. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमाही सांगतात. तेव्हा त्या भीतीने तपासणी टाळू देऊ नका.

आज घरी गेल्यावर मशीनच्या पडद्यावर एकक कोणतं आहे ते बघा. मिलिमोल असेल तर पट्टी चिकटवून त्यावर ‘गुणिले १८’ लिहा. आणि परदेशातल्या भावाला व्हॉट्सअॅपवर नुसता आकडा पाठवू नका. आकडा, एकक, वेळ, उपाशीपोटी की जेवणानंतर, हे चारही लिहा. या घरात शिकलेले तुम्ही आहात, हे काम तुमचंच आहे.