शब्द, अर्थ आणि व्यवहार

श्रोत्यांपैकी जे वयोवृद्ध असतील, त्यांना मण-शेरांचा काळ आठवत असेल. त्या काळी 'मण' हा शब्द देशभरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी होता. पण शब्द एक असला तरी माप एक नव्हते. बंगालचा मण सुमारे ८२ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा, तर मद्रासचा २५ पौंडांचा. कलकत्त्याच्या पेढीने मुंबईच्या पेढीला 'शंभर मण माल पाठवा' एवढेच लिहिले, तर लिहिणाऱ्याच्या मनातील शंभर मण आणि वाचणाऱ्याच्या मनातील शंभर मण यांत जवळजवळ तिपटीचे अंतर पडू शके. तरीही व्यापार चालत असे. याचे कारण दोन्ही टोकांना जाणती माणसे बसलेली असत. पत्र कोठून आले हे पाहून जुना मुनीम मनातल्या मनात हिशेब बदलून घेई. शब्दात जे नव्हते, ते त्याच्या डोक्यात होते.

१९५६ साली संसदेने वजनमापांचा कायदा केला, १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने प्रचारात आली आणि हा घोटाळा संपला. वजनाच्या बाबतीत हे साधले; कारण वजन तराजूत घालून दाखविता येते. परंतु व्यवहारात असे कितीतरी शब्द आहेत की ज्यांना तराजूत घालता येत नाही. ग्राहक, कर्जदार, येणे, विक्री, उपकंपनी हे सारे शब्द रोजच्या वापरातले आहेत, आणि रोजच्या वापरातले असल्यामुळेच त्यांचा अर्थ कोणी कोणाला विचारीत नाही.

यंत्रे बनविणारा एखादा कारखाना घ्यावा. तेथील विक्री विभागाच्या लेखी ज्याने मागणी नोंदविली तो ग्राहक. हिशेब विभागाच्या लेखी ज्याच्या नावाने बिल फाडले तो ग्राहक. दुरुस्ती विभागाच्या लेखी ज्याच्या आवारात यंत्र उभे आहे तो ग्राहक. एखाद्या मोठ्या कंपनीने मागणी नोंदविली, तिच्या उपकंपनीने पैसे भरले आणि यंत्र तिसऱ्याच गावी तिच्या कंत्राटदाराकडे बसले, तर 'ग्राहक कोण?' या प्रश्नाला तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही खरी असतात. वह्यांच्या काळात या तीन विभागांतील कारकून दुपारच्या चहाला एकत्र भेटत आणि एकमेकांचे शब्द एकमेकांना समजावून देत. संगणकाला ही सोय नाही. दोन तक्त्यांवर 'ग्राहक' असा एकच मथळा दिसला की तो निःशंकपणे ते दोन्ही एकत्र जोडतो आणि चुकीची बेरीज अत्यंत वेगाने करून दाखवितो.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी संगणकशास्त्रज्ञांनी जे साधन घडविले, त्याचे नाव त्यांनी तत्त्वज्ञानातून उसने घेतले. ते नाव ऑन्टॉलॉजी. मराठीत या तत्त्वज्ञानशाखेला सत्ताशास्त्र म्हणतात. जगात जे जे आहे, ते कोणकोणत्या प्रकारचे आहे, याचा विचार हा त्याचा विषय. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने आपल्या पदार्थकोटींत हा विचार मांडला. आपल्याकडे वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय असे सहा पदार्थ सांगितले व पुढे त्यांत अभाव या सातव्या पदार्थाची भर पडली. संगणकशास्त्रात या शब्दाला वेगळा, अधिक मर्यादित अर्थ आला. १९९३ साली टॉम ग्रुबर या अमेरिकन संशोधकाने त्याची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की एखाद्या क्षेत्राकडे पाहण्याची जी संकल्पनात्मक चौकट माणसांच्या मनात असते, तिची स्पष्ट शब्दांत केलेली मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. सोयीसाठी तिला संकल्पनांचा आराखडा म्हणावयास हरकत नाही.

व्यवहाराचे शब्द निश्चित करण्याची गरज काही आजचीच नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात कारभारातील फारसी व दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. तो कोश अक्षरानुक्रमाने रचलेला नाही. दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत तो विभागलेला आहे. म्हणजे किल्ल्याशी संबंधित शब्द एका ठिकाणी, बाजारपेठेशी संबंधित शब्द दुसऱ्या ठिकाणी. राज्याच्या व्यवहारात कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू व कामे आहेत, याचा एक विचार त्या वर्गवारीमागे उभा आहे.

तथापि कोश आणि आराखडा यांत एक मोठा भेद आहे. कोश शब्दाला शब्द देतो. आराखडा शब्दांमागच्या वस्तूंचे परस्परसंबंध सांगतो. त्यात प्रथम वस्तूंच्या जाती ठरवितात: कंपनी, व्यक्ती, खाते, करार. मग कोणती जात कोणत्या जातीत मोडते हे सांगतात: बचत खाते हे खातेच असते, पण प्रत्येक खाते बचत खाते नसते. त्यानंतर संबंधांना नावे देतात आणि त्या संबंधांचे नियम लिहितात. हे सारे संगणकाला वाचता यावे म्हणून तर्कशास्त्राच्या पायावर खास भाषा रचलेल्या आहेत. त्यांपैकी 'आऊल' या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी भाषा वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने २००४ साली प्रमाण म्हणून स्वीकारली.

नियम लिहिण्याने काय साधते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्या कंपनीकडे दुसरीचे ६० टक्के भाग आहेत आणि दुसरीकडे तिसरीचे ६० टक्के. पहिलीचा तिसरीतील मालकीचा वाटा गुणाकाराने ३६ टक्केच भरतो. पण निर्णयाची सत्ता पाहिली तर पहिली दुसरीला चालविते आणि दुसरी तिसरीला. म्हणून तिसरीही पहिलीच्याच हाताखाली आहे. व्यापारी भाषेत या दोन्ही गोष्टींना माणसे सैलपणे 'मालकी' म्हणतात. आराखड्यात मात्र 'वाटा' आणि 'नियंत्रण' असे दोन निराळे संबंध नोंदवावे लागतात, आणि नियंत्रण एका कडीतून पुढच्या कडीत उतरते हा नियमही लिहावा लागतो. एकदा तो लिहिला की कोणीही न सांगितलेली गोष्ट, म्हणजे पहिलीचे तिसरीवरील नियंत्रण, यंत्र स्वतः अनुमानाने काढते.

दुसरा महत्त्वाचा भेद नट आणि त्याची भूमिका यांचा. रंगभूमीवर एकच नट एका नाटकात राजा असतो, तर दुसऱ्यात भिक्षुक. नाटक संपले म्हणजे तो नट उरतो, राजा उरत नाही. बँकेतील कर्जदार, जामीनदार, ठेवीदार या अशाच भूमिका होत. एकच गृहस्थ एका करारात कर्जदार, दुसऱ्यात जामीनदार आणि तिसऱ्यात ठेवीदार असू शकतो. त्याची तीन पुस्तकांत तीन माणसे म्हणून नोंद झाली, तर एकाच खांद्यावर किती ओझे आहे, हे बँकेला कधीच कळणार नाही.

ही गोष्ट केवळ कागदी काटेकोरपणाची नाही, हे जगाला २००८ साली कळले. त्या वर्षी १५ सप्टेंबर रोजी लेहमन ब्रदर्स या अमेरिकन वित्तसंस्थेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. ही संस्था नावाने एक दिसत असली तरी कायद्याच्या दृष्टीने ती अनेक देशांत पसरलेल्या असंख्य संस्थांचा समूह होती. तिच्याशी व्यवहार करणाऱ्या बँकांपुढे प्रश्न साधा होता: तिच्याकडून आपले एकूण येणे किती? पण त्याचे उत्तर झटकन देता येईना. एकाच संस्थेचे नाव निरनिराळ्या पद्धतींत निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले होते, आणि कोणती उपकंपनी कोणाच्या हाताखाली आहे याची सर्वमान्य नोंद कोठेच नव्हती. धोका किती हे ठाऊक नसल्यामुळे भय वाढले, आणि भयापोटी बँका एकमेकींना पैसे देताना हात आखडू लागल्या. त्या आर्थिक अरिष्टाची कारणे पुष्कळ आणि खोल होती. परंतु अर्थाच्या या गोंधळाने ते अधिक बिकट केले, यात शंका नाही.

त्यातून जे शहाणपण आले, त्याचे एक फळ म्हणजे संस्थांना देण्यात येणारा वीस अक्षर-अंकांचा जागतिक ओळखक्रमांक. वीस राष्ट्रांच्या गटाने २०११ साली कान येथील परिषदेत या कल्पनेला पाठिंबा दिला, २०१२ साली तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले आणि २०१४ साली तिच्या देखरेखीसाठी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे एक प्रतिष्ठान स्थापन झाले. भारतात हे क्रमांक देण्याचे काम मुंबईत क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या एका उपकंपनीकडे आले. रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून मोठ्या कर्जदार संस्थांसाठी, आणि १ एप्रिल २०२१ पासून संस्थांनी बँकांमार्फत केलेल्या ५० कोटी रुपये व त्यावरील भरण्यांसाठी, हा क्रमांक आवश्यक केला. या व्यवस्थेत दोन गोष्टींची नोंद होते: कोण कोण आहे, आणि कोण कोणाचे आहे. पहिली ओळखीची, दुसरी नात्याची. अमेरिकेतील एका वित्तीय मंडळाच्या पुढाकाराने त्याच सुमारास वित्तव्यवसायाचा एक सविस्तर संकल्पना-आराखडाही तयार होऊ लागला. कर्ज, रोखे, भाग, करार यांच्या व्याख्या त्यात एकमेकींशी जोडलेल्या आहेत, आणि नट व भूमिका यांचा वर सांगितलेला भेद त्याच्या पायाशीच आहे.

अशा आराखड्याचा आणखी एक गुण नैयायिकांना विशेष रुचला असता. नेहमीच्या नोंदवहीचा रिवाज असा की, जे लिहिलेले नाही ते नाहीच असे धरावे. वर उल्लेखिलेल्या भाषेचा दंडक निराळा आहे: जे लिहिलेले नाही ते खोटे नव्हे, केवळ अज्ञात होय. अभावाचे ज्ञान आणि ज्ञानाचा अभाव या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद पंडिती वाटेल. पण आयुष्यात एकदाही बँकेची पायरी न चढलेला भाजीविक्रेता कर्जासाठी येतो, तेव्हा त्याचे भवितव्य या भेदावरच अवलंबून असते. त्याच्या नावापुढे परतफेडीची नोंद नाही. याचा अर्थ त्याने कर्ज फेडले नाही असा करावयाचा, की त्याच्याविषयी काही ठाऊक नाही असा? पहिला अर्थ त्याला दारातून परत पाठवितो. दुसरा चौकशीसाठी बसवून घेतो.

येथेच या साधनाची मर्यादाही ध्यानात येते. संगणक नियमांवरून अनुमान काढतो, नियमांतील विसंगतीही दाखवून देतो. पण कर्जदार कोणाला म्हणावे, हे तो ठरवीत नाही. ते माणसांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते. अशी कामे रेंगाळतात ती बहुधा यंत्रामुळे नव्हे, तर मतैक्याअभावी. आपल्याच अर्थाला प्रत्येक विभाग चिकटून राहतो. कारण त्या अर्थावर त्याचा हिशेब, त्याची जबाबदारी आणि कधीकधी त्याची प्रतिष्ठाही उभी असते. म्हणून वरिष्ठांनी बंद दाराआड लिहिलेला आराखडा कागदावर निर्दोष असूनही कामात पडत नाही. ज्याला शब्दांचे खरे वापर ठाऊक आहेत, त्या कारकुनाला, गुदामवाल्याला, दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला विचारल्यावाचून तो पुरा होत नाही. शिवाय व्यवहार बदलतो तसे अर्थही बदलतात. शेतीला जशी दरसाल मशागत लागते, तशी ती या आराखड्यालाही लागते.

आज माणसासारखे बोलणारी व लिहिणारी यंत्रे कचेऱ्यांत आली आहेत. शब्दामागून शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, हे त्यांना उत्तम साधते, आणि त्यामुळे त्यांचे बोलणे ऐटदार वाटते. पण त्या बोलण्यातील 'ग्राहक' नेमका कोणत्या विभागाचा, हे कोठेतरी निश्चित केलेले नसेल, तर ऐटदार उत्तरही शंभर मणांच्या त्या पत्रासारखेच ठरेल.

जुना मुनीम आता पेढीवर नाही. पत्र कोठून आले हे पाहून अर्थ बदलून घेणारी त्याची नजर यंत्राला उपजत मिळत नाही. ती त्याला द्यावी लागते. त्या मुनिमाने आयुष्यभर जे मनात जपले, ते चारचौघांच्या संमतीने उघडपणे लिहून ठेवणे, एवढेच या नव्या शास्त्राचे सार आहे. पौंड आणि किलोग्रॅम यांचा प्रश्न एका कायद्याने सुटला. ग्राहक आणि कर्जदार यांचा प्रश्न मात्र प्रत्येक पेढीला, प्रत्येक कचेरीला स्वतःच्या माणसांशी बोलूनच सोडवावा लागेल.