पीठ आपल्याकडे, लाटणं दुसऱ्याकडे

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम कार्यकारिणीचे मनापासून आभार. "छोट्या उद्योगात कामं दुसऱ्यावर कशी सोपवावीत" या विषयावर पंधरा मिनिटं बोला, असं आम्हां दोघांना सांगण्यात आलं. आम्ही विचारलं, आम्हीच का? उत्तर आलं, "तुम्ही कुठलंच काम दुसऱ्याला देत नाही अशी तुमची ख्याती आहे, म्हणून!" मंडळी, हे खोटं नाही. गेल्या गणपतीत मखराच्या दिव्यांची वायर, प्रसादाची यादी आणि हॉलची किल्ली या तिन्ही वस्तू आमच्याच गाडीत होत्या आणि ती गाडी एम ६० वर ट्रॅफिकमध्ये अडकली होती. आरती पाऊण तास उशिरा झाली. धंद्यात जे ठेचा खाऊन शिकलो ते मंडळात विसरलो, असं म्हणा हवं तर. तेव्हा आज त्या ठेचांबद्दलच बोलतो.

आम्ही दोघंही इंजिनिअर. शिक्षण पुण्यात झालं, २०१३ साली इकडे आलो. चार वर्षं नोकरी केली आणि २०१७ मध्ये घरातल्या जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप मांडून स्वतःची छोटीशी कंपनी काढली. उपाहारगृहं आणि घाऊक दुकानं यांच्यासाठी मालाचा साठा, बिलं, बुकिंग वगैरेची सॉफ्टवेअर आम्ही करतो. सुरुवातीला प्रोग्रॅम आम्हीच लिहायचे, तपासायचे आम्हीच, गिऱ्हाइकाचा फोन आम्हीच घ्यायचा, बिल आम्हीच पाठवायचं आणि रात्री अकरा वाजता हिशेबही आम्हीच लिहायचा. आपला हात जगन्नाथ! शिवाय "दुसऱ्याला समजावून सांगेपर्यंत आपलंच करून होतं" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहादा ऐकू यायचं.

मग २०१९ चा जानेवारी आला. साताऱ्याला बाबांची बायपास ठरली. आमच्यातलं एकजण तिकडे गेलं आणि दुसऱ्याने इथे किल्ला लढवायचा असं ठरलं. पण किल्ल्याच्या चाव्या कुणाकडे? निम्मे पासवर्ड एकाच्या डोक्यात, कुठल्या गिऱ्हाइकाला काय कबूल केलंय ते त्याच डोक्यात. त्यात ३१ जानेवारी ही इथली टॅक्स रिटर्नची शेवटची तारीख तोंडावर आलेली. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून आम्ही बिलं करत होतो. ऑपरेशन झाल्यावर चौथ्या दिवशी बाबा जरा बोलू लागले. मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघून म्हणाले, "तुझं आटपलं की सांग, मग बोलू." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

परत आल्यावर आम्ही एक साधी गोष्ट केली. एक वही घेतली आणि दोन आठवडे, केलेलं प्रत्येक काम आणि त्याला लागलेला वेळ लिहून काढला. वही वाचून लाज वाटली. ज्यासाठी गिऱ्हाईक आम्हांला पैसे देत होतं त्या कामाला निम्म्याहूनही कमी वेळ जात होता! बाकी सगळा वेळ पावत्या शोधणं, स्मरणपत्रं पाठवणं, तोच स्क्रीन पंधराव्यांदा तपासणं यात चालला होता. मग हिशेब आणि पगारपत्रक इथल्या एका अकाउंटंटकडे दिलं. फोन घ्यायला एक बाई अर्धवेळ ठेवल्या. प्रोग्रॅम तपासणं आणि रिपोर्ट बनवणं पुण्यातल्या दोन तरुण मुलींना तासाच्या हिशेबाने दिलं. भारतातली वेळ हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास पुढे. त्यामुळे आम्ही सकाळी चहा घेईपर्यंत तिकडचं बरंचसं काम झालेलं असे. वाटलं, सुटलो!

सुटलो कसले! पहिल्याच महिन्यात बिलांच्या तारखांचा घोळ झाला. आम्ही फोनवर सांगितलं होतं, "थकबाकीचा रिपोर्ट नीट करून दे." तिने केला. पण ज्या तयार साधनाने केला त्यात तारीख अमेरिकन पद्धतीची, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. ४ मार्चचं बिल ३ एप्रिलचं झालं आणि वसुलीची पत्रं महिनाभर उशिरा गेली. आम्ही तिच्यावर वैतागलो. पण शांतपणे विचार केल्यावर कळलं की "नीट" म्हणजे काय, हे आम्ही सांगितलंच नव्हतं. नमुना दिला नव्हता आणि गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी कोण बघणार तेही ठरवलं नव्हतं. आम्ही काम सोपवलं नव्हतं, नुसतं अंगावरचं झटकलं होतं.

काम सोपवणं म्हटलं की सगळे डबेवाल्यांचं उदाहरण देतात. आम्हांला मात्र धडा मिळाला तो स्वयंपाकघराच्या फळीवरच्या पापडाच्या पाकिटावरून. लिज्जत पापडाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका ८० रुपये उधार घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. आज त्या संस्थेत ४० हजारांहून जास्त भगिनी आहेत. सुरुवातीलाच त्यांनी ठरवलं की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही. देणग्यांच्या पुस्तिकेत हे छापणं म्हणजे आमचं धाडसच, पण सांगायचा मुद्दा वेगळा आहे.

त्यांच्या कामाची वाटणी बघा. उडदाचं पीठ, मिरी, हिंग यांची खरेदी मध्यवर्ती होते. पीठ भिजवून मळायचं काम शाखेत होतं. सकाळी भगिनी येतात, मळलेलं पीठ वजन करून घरी नेतात, लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी पापड आणून देतात. ते तपासले जातात, त्यांचं वजन होतं आणि लाटण्याची मजुरी मिळते. म्हणजे हजारो घरांत, हजारो हातांनी, कुणाचीही देखरेख नसताना काम होतं, आणि तरी पापडाची चव सगळीकडे तीच! कारण ज्यात चव आहे ते पीठ संस्थेने हातचं सोडलेलं नाही. सोपवलंय ते लाटणं. आणि दोन्ही टोकांना तराजू आहे, पीठ देताना आणि पापड घेताना.

आम्ही आमच्या वहीला हीच चाळणी लावली. आमचं पीठ कुठलं? गिऱ्हाइकाची अडचण समजून घेणं, दर ठरवणं, चुकलं तर फोन करून माफी मागणं. हे कुणालाही द्यायचं नाही. लाटणं कुठलं? ज्याचा नमुना दाखवता येतो आणि झाल्यावर मोजता येतं ते. आता प्रत्येक कामाबरोबर आम्ही एक पान लिहून देतो: काम काय, बरोबर झालेल्याचा नमुना, चुकीचा नमुना, अडलं तर कुणाला विचारायचं आणि शेवटी कोण तपासणार. पहिल्यांदा हे पान लिहायला तास लागतो. त्या तासाचाच आम्हांला कंटाळा होता, म्हणून वर्षभर रोज रात्रीचे दोन तास जात होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. काम दिलं तरी जबाबदारी आपल्याकडेच राहते, आणि इथला कायदाही हेच म्हणतो. अकाउंटंटने रिटर्न उशिरा भरलं तरी दंडाची नोटीस तुमच्या नावाने येते. गिऱ्हाइकांची नावं-पत्ते तुम्ही पुण्याला पाठवले, तर त्या माहितीची जबाबदारी तुमचीच, आणि त्यासाठी रीतसर लेखी करार लागतो. ओळखीतला मुलगा आहे, करार कशाला, असं आपल्या लोकांत फार चालतं. ओळख आहे म्हणूनच करार करावा, म्हणजे ओळख टिकते.

इथपर्यंत आमची हुशारी सांगितली. आता जे सांगायला जड जातं ते सांगतो.

मार्च २०२० मध्ये इथली उपाहारगृहं बंद झाली. आमची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं तीच. एका रात्रीत काम आटलं. आमच्याकडे फोन घेणाऱ्या बाई इथल्या पगारपत्रकावर होत्या, त्यामुळे सरकारच्या फर्लो योजनेतून त्यांना ८० टक्के पगार मिळाला. पुण्याच्या मुली पगारपत्रकावर नव्हत्या. तासाच्या हिशेबाने काम करणाऱ्या, त्यातून परदेशातल्या. त्यांना आम्ही दोन ओळींची ईमेल पाठवली, "पुढील सूचनेपर्यंत काम थांबवावे." त्यातल्या एकीने आमच्या कामाच्या भरवशावर हप्त्याने नवा लॅपटॉप घेतला होता. तिचं उत्तर आलं, "ठीक आहे. मार्चच्या झालेल्या तासांचे पैसे मिळतील ना?"

पैसे आम्ही दिले. पण तो "ना" आमच्या कानातून जाईना. वर्षभर आमच्याबरोबर काम केलेल्या मुलीला हा प्रश्न विचारावासा वाटला, यातच आमचं काय ते कळलं.

पुढल्या वर्षी निर्बंध उठल्यावर आम्ही मुलांना घेऊन स्टायलला क्वॉरी बँक मिल बघायला गेलो. आपल्यापैकी बरेचजण जाऊन आला असाल, विमानतळाच्या अगदी जवळच आहे. १७८४ साली सॅम्युअल ग्रेगने ही सूतगिरणी बांधली. सुरुवातीची अनेक वर्षं गिरणीत फक्त सूत निघायचं. ते विणायला बाहेरच्या विणकरांकडे जायचं. म्हणजे ज्याला आपण आज आउटसोर्सिंग म्हणतो ते आपल्या या मँचेस्टर परिसरात सव्वादोनशे वर्षांपूर्वी सर्रास चालत होतं! व्यापारी सूत द्यायचा, विणकर घरच्या मागावर कापड विणून आणायचा. माग विणकराच्या घरचा, जागा त्याची, आणि मंदी आली की रिकामे दिवसही त्याचेच. मजुरी घसरत गेली. १८०८ मध्ये किमान मजुरीचा कायदा करा म्हणून विणकरांनी मागणी केली. संसदेने ती नाकारली आणि इथे मँचेस्टरात हजारो विणकर सेंट जॉर्जेस फील्ड्सवर जमले. त्यांच्यावर सैन्य घातलं गेलं, एक विणकर मारला गेला. १८१९ च्या पीटर्लूच्या सभेतही हातमागवाले मोठ्या संख्येने होते. पुढे यंत्रमाग आले आणि विणकामही गिरणीच्या आत गेलं. घरचे माग ओस पडले.

त्या दिवशी गाडीत आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. गिरणीवाल्यांना शिव्या देणं सोपं होतं, पण आम्ही तरी वेगळं काय केलं होतं? काम सोपवताना त्याबरोबर सगळा धोकाही गुपचूप पलीकडे सरकवला होता. नफा आपल्याकडे आणि रिकामे दिवस तिच्याकडे. लिज्जतचं आणखी एक वैशिष्ट्य आम्हांला तेव्हा नीट उमगलं. तिथे लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदार आहे. नफ्यातही आणि तोट्यातही.

आमची कंपनी काही सहकारी संस्था नाही, उगाच मोठेपणा सांगत नाही. पण तेव्हापासून दोन गोष्टी करारात लिहिल्या आहेत. बाहेरच्या माणसाला दर महिन्याला ठराविक तासांचे पैसे मिळणार, काम असो वा नसो. आणि काम बंद करायचं तर एक महिना आधी सांगायचं, किंवा महिन्याचे पैसे द्यायचे. यामुळे आमचा खर्च वाढला, खोटं कशाला बोला. पण माणसं टिकली, आणि चूक झाली तर ती लपवून न ठेवता लगेच सांगू लागली. त्या लॅपटॉपवाल्या मुलीला आम्ही पुन्हा विचारलं होतं. ती दुसरीकडे लागली होती. "थँक्यू, पण आता नको," म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

मंडळी, आता आजच्या कार्यक्रमाकडे येतो. तुम्ही म्हणाल, मदतनिधीच्या संध्याकाळी हे धंद्याचं पुराण कशाला? कारण देणगी हेसुद्धा सोपवलेलंच काम आहे. शाळेची फी भरणं, औषध पोचवणं, ही कामं आपल्याला मँचेस्टरात बसून करता येत नाहीत. ती करणाऱ्यांच्या हाती आपण पैसे देतो. तेव्हा इथेही तराजू दोन्ही टोकांना हवा. पैसे कशासाठी दिले हे देताना स्पष्ट असावं आणि वर्षाने हिशेब मागण्यात कुणाला संकोच वाटू नये. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. आणि दुसऱ्या बाजूने, काम करणाऱ्याला पुढच्या वर्षी आपण असू की नाही या धास्तीत ठेवू नये. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरवर्षी थोडी पण खात्रीने दिली तर तिकडच्या माणसाला नियोजन करता येतं. इथे टॅक्स भरणाऱ्यांनी गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही जरूर करावी. नोंदणीकृत संस्थेला तुमच्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स जादा मिळतात आणि तुम्हांला काही पडत नाही.

बाबा आता ठणठणीत आहेत. मागच्या खेपेला आम्ही साताऱ्याला तीन आठवडे राहिलो आणि लॅपटॉप इथेच ठेवून गेलो. दुसऱ्या दिवशी बाबांनीच विचारलं, "अरे, तुमची कंपनी बंद पडली की काय?"

जाता जाता एकच. हॉलची किल्ली आज आम्ही बरोबर आणली आहे. भाषण संपल्यावर ती चिटणीसांच्या हाती देत आहोत. त्यांना एवढीच विनंती, तिच्या दोन प्रती करून घ्या, आणि एक आमच्याकडे सोडून दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवा!