नळ आला, आता झिरा सांभाळा
(मंडळाच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पाणीतज्ज्ञ नाही. बी.कॉम. झालो, बँकेत कारकून आहे. जमा आणि नावे एवढेच मला कळते. म्हणून आज पाण्याचा जमाखर्च मांडतो. चूकभूल द्यावी घ्यावी.

7 ऑगस्ट 2016 रोजी गजवेलजवळ कोमटीबंडा येथे मिशन भगीरथचे उद्घाटन झाले. खेड्यात माणशी रोज 100 लिटर शुद्ध पाणी घरापर्यंत, हे त्याचे उद्दिष्ट. उटनूर-इंद्रवेल्लीच्या डोंगरातल्या गोंड-कोलाम गुड्यांकडेही नळ निघाला. डोक्यावर हंडे घेऊन ज्या बायांनी जन्मभर चढ चढला, त्यांना या नळाची किंमत विचारा. ही जमा बाजू मोठी आहे. सरकार कोणाचेही असो, ती मान्य केलीच पाहिजे.

आता नावे बाजू. समजा, गुड्यात 60 घरे, माणसे 300. उद्दिष्टाप्रमाणे रोजचे पाणी 30,000 लिटर. अभियंते धरतात की आलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. म्हणजे रोज 24,000 लिटर. हंड्याने पाणी आणत होते तेव्हा हा प्रश्नच नव्हता, कारण थेंबन् थेंब मोजून वापरला जाई. आता हे पाणी जाणार कुठे? डोंगरात ते उताराने नाल्यात जाते आणि गुड्याचा जुना झिरा असतो त्याच नाल्यात. वाटेत साचले तर डास आलेच.

दुसरी नोंद. आपल्या पश्चिमेकडच्या डोंगरात काळा पाषाण आहे. पाऊस भरपूर, पण खडकात पाणी थोडेच मुरते. झिरा टिकतो तो वरच्या रानामुळे आणि दरवर्षीच्या उपशामुळे. नळ आला की उपसा थांबतो, गाळ भरतो. पुढे पंप, वीज किंवा एखादा व्हॉल्व्ह बिघडला की लोक पुन्हा त्याच झिऱ्याकडे जाणार. तेव्हा तिथे काय सापडेल? शिवाय गुरांना, रानातल्या जनावरांना नळ नाही. त्यांचे खाते झिऱ्यावरच आहे.

मी हे दुसऱ्यांना सांगत नाही. आमच्या घरामागे आजोबांनी बांधलेली विहीर होती. नळ आला तसा रहाट निघाला, मग निर्माल्य पडू लागले, मग घरातला केर. टाकणारे आम्हीच. आज तिचे पाणी गुरेही पीत नाहीत.

1956 साली किनवट आणि राजुरा नांदेडला गेले, पुढे 1959 साली राजुरा चांद्याला गेला. आपण इथेच राहिलो, पण सोयरीक पलीकडेही आहे. तर पलीकडचे एक चांगले घेऊ. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून डास हटवले. खड्ड्यात छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, एवढेच काम. मात्र खड्डा झिऱ्यापासून लांब आणि त्याच्या खालच्या अंगाला हवा. खडक लागला तर सांडपाणी परसातल्या भाजीला द्यावे.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित भागातल्या लहान पाणवठ्यांचे नियोजन पंचायतीकडे दिले आहे. त्या डोंगरात आपण पाहुणे म्हणून आलो आणि जमीनजुमल्याचे झालो. तिथल्या ग्रामसभेत हुकूम करायला जाऊ नये. फावडे घेऊन जावे. मते मागायला येईल त्याला मात्र दोन्ही विचारा : नळ किती दिले आणि सांडपाण्याची सोय किती घरी केली?

केसलापूरच्या नागोबासाठी मेश्राम मंडळी दरवर्षी अनवाणी चालत जन्नारमच्या हस्तिनमडुगूहून गोदावरीचे पाणी कलशात आणतात. त्यातला थेंब सांडू देत नाहीत. आपल्या दारी पाणी न चालता येते, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

यंदा उन्हाळ्यापूर्वी मंडळाने एक झिरा उपसावा, एवढी सूचना मांडतो. पहिला दिवस माझा आणि माझ्या मुलाचा. आमची विहीरही आम्ही त्याच आठवड्यात उपसणार आहोत.